ज्या गावानं ११६ मुलं गमावली, त्याच गावाकडून ढिगारे हटवायचे पैसे घेतले : ॲबरव्हॅनची गोष्ट

नेटफ्लिक्सवरची 'द क्राऊन' ही सिरीज पाहिली असेल, तर तिसऱ्या सीझनमधला तो एपिसोड आठवत असेल. डोंगरावरून काळा चिखल खाली येतो, शाळा गाडली जाते आणि राणी एलिझाबेथ त्या गावात जायला आठ दिवस लावते.

ॲबरव्हॅन हे नाव जगभरातल्या अनेकांना त्या एपिसोडमुळे कळलं. पण त्या एपिसोडचा सगळा भर राणीवर आहे. गावाचं काय झालं, हा धोका आधी कुणाला माहीत होता का, शिक्षा कुणाला झाली आणि दुर्घटनेनंतर गावाला कशासाठी भांडावं लागलं, ही गोष्ट त्याहून मोठी आहे.

तीच गोष्ट सविस्तर बघूया.

गाव नेमकं कुठं आहे?

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स आहे. वेल्सच्या दक्षिण भागात एकाला लागून एक अशा अरुंद दऱ्या आहेत आणि त्या दऱ्यांच्या पोटात कोळसा आहे. यातल्याच टॅफ नदीच्या दरीत, मर्थर टिडव्हिल या शहरापासून साधारण साडेसहा किलोमीटरवर ॲबरव्हॅन आहे. स्पेलिंगमध्ये 'एफ' दिसतो, पण वेल्श भाषेत एकट्या 'एफ'चा उच्चार 'व्ह' होतो. म्हणून ॲबरफॅन नाही, ॲबरव्हॅन.

१८६९ साली इथं मर्थर व्हेल नावाची कोळशाची खाण खोदायला सुरुवात झाली आणि खाणीभोवती गाव वाढत गेलं. दरीत सपाट जागा कमी, त्यामुळे एकाला एक चिकटलेल्या घरांच्या लांबच लांब ओळी उभ्या राहिल्या. घरातला पुरुष खाणीत, रविवारी सगळं घर चॅपलमध्ये आणि संध्याकाळी कुठंतरी समूहगान, असं इथलं आयुष्य. १९६०च्या दशकात गावाची लोकसंख्या साधारण ५ हजार होती आणि खाण हाच गावाचा मुख्य रोजगार होता.

डोंगरावर ढिगारे कशाला?

खाणीतून कोळशासोबत दगड, माती आणि निरुपयोगी गाळही वर येतो. तो कुठंतरी टाकावा लागतो. सुरुवातीला तो दरीच्या तळाशी टाकला जायचा. ती जागा संपल्यावर, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तो गावामागच्या डोंगरउतारावर टाकायला सुरुवात झाली. १९६६ पर्यंत तिथं असे सात ढिगारे झाले होते.

यातला ७ नंबरचा ढिगारा १९५८ मध्ये सुरू झाला. आठ वर्षांत त्याची उंची ३४ मीटरवर गेली, म्हणजे जवळपास दहा मजली इमारतीएवढी. त्यात सुमारे २ लाख २७ हजार घनमीटर माल साठला होता. कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही त्यातच टाकला जात होता.

खरी अडचण जागेची होती. हा ढिगारा ज्या जमिनीवर रचला जात होता, तिथं पाण्याचे झरे होते. ते लपलेले नव्हते. सरकारी नकाशांवर त्यांची नोंद होती आणि गावातली पोरं त्या ओढ्यात खेळायला जायची.

कोरडी दगडमाती उतारावर बराच काळ टिकून राहते. पण तिच्या पोटात पाणी मुरत गेलं की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि एका क्षणी आख्खा ढिगारा घट्ट राहण्याऐवजी पातळ पदार्थासारखा वाहायला लागतो.

इशारे मिळाले होते का?

हो. एकदा नाही, अनेकदा.

१९४४ मध्ये याच डोंगरावरचा ४ नंबरचा ढिगारा घसरला होता. १९६३ मध्ये खुद्द ७ नंबरचा घसरला. त्याच वर्षी मर्थर टिडव्हिलच्या नगरपालिकेतल्या अभियंत्यानं पत्र लिहिलं. पत्राचा विषयच असा होता की पँटग्लास शाळांच्या मागं टाकल्या जाणाऱ्या गाळापासून धोका आहे. १९६४ मध्ये एका नगरसेविकेनं बैठकीत सांगितलं की ढिगारा हलला तर सगळी शाळा धोक्यात येईल. १९६५ मध्ये शाळेच्या आवारात सारखं पाणी शिरतं म्हणून मुलांच्या आयांनी सह्या करून अर्ज दिला.

तरीही गाळ टाकणं थांबलं नाही.

खाण होती नॅशनल कोल बोर्डाची. १९४७ मध्ये ब्रिटनमधल्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्या या सरकारी बोर्डाकडे गेल्या. बोर्डाचं सगळं लक्ष जमिनीखालच्या सुरक्षेवर असायचं. वरच्या ढिगाऱ्यांसाठी बोर्डाकडे कसलंही धोरण नव्हतं आणि ते सुरक्षित ठेवायला भाग पाडणारा कायदाही नव्हता.

गावानं आणखी आवाज का चढवला नाही, याचं उत्तर रोजगारात आहे. त्या काळात वेल्समधल्या खाणी एकामागून एक बंद होत होत्या. ढिगाऱ्यावरून फार गदारोळ केला तर आपलीही खाण बंद होईल, ही भीती लोकांच्या मनात होती.

२१ ऑक्टोबर १९६६

शुक्रवार होता. पँटग्लास प्राथमिक शाळेचा सहामाही सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. दुपारी शाळा सुटणार होती. त्याआधीचे काही आठवडे भरपूर पाऊस झाला होता. त्या सकाळी दरीत दाट धुकं होतं, पण डोंगरमाथ्यावर ऊन पडलं होतं.

साडेसातच्या सुमारास कामगार ढिगाऱ्यावर पोहोचले, तेव्हा माथा कित्येक फूट खचलेला दिसला. वर फोन नव्हता. खाली कळवायला एक जण चालत गेला. त्या दिवसापुरता गाळ टाकायचा नाही आणि पुढच्या आठवड्यात नवी जागा ठरवायची, असा निर्णय झाला.

सव्वानऊच्या सुमारास ढिगारा सुटला.

सहा ते नऊ मीटर उंचीची काळी लाट डोंगरावरून खाली आली. वाटेतलं एक शेतघर तिनं गिळलं. जुना कालवा आणि रेल्वेचा बांध ओलांडून ती शाळेवर आणि शेजारच्या घरांवर आदळली. धुक्यामुळे खाली कुणाला काही दिसलं नाही, फक्त विमान जवळून जावं तसा आवाज ऐकू आला.

मुलं नुकतीच वर्गात बसली होती. जेवणाचे पैसे गोळा करणाऱ्या बाईंनी पाच मुलांना स्वतःच्या अंगाखाली घेतलं. ती पाचही मुलं वाचली, बाई गेल्या.

बातमी कळताच खाणीतले कामगार फावडी घेऊन वर आले. त्यातल्या कित्येकांची स्वतःची मुलं त्या शाळेत होती. मधेच शिट्टी वाजायची आणि सगळे हात थांबायचे. आतून कुणाचा आवाज येतोय का, ते ऐकायला. सकाळी ११ नंतर एकही जण जिवंत सापडला नाही. शेवटचा मृतदेह मिळायला आठवडा लागला.

एकूण १४४ जण गेले. त्यात ११६ मुलं होती, बहुतेक ७ ते १० वर्षांची.

जवळच्या बेथानिया चॅपलमध्ये मृतदेह ठेवले होते. आईबाप एकेक करून आत जात आणि आपलं मूल ओळखत. काही दिवसांनी मृत्यूचं कारण नोंदवायची सुनावणी सुरू झाली, तेव्हा एका बापानं उठून सांगितलं की माझ्या मुलाच्या मृत्यूचं कारण 'नॅशनल कोल बोर्डानं जिवंत गाडलं' असं लिहा.

मग जबाबदार कोण ठरलं?

बोर्डाचे अध्यक्ष होते लॉर्ड रोबेन्स. दुर्घटनेची बातमी कळल्यावरही ते ठरल्याप्रमाणे सरे विद्यापीठाच्या कुलपतिपदाच्या समारंभाला गेले. ॲबरव्हॅनला ते पोहोचले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ढिगाऱ्याखाली झरे आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. गाव अवाक झालं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस, शेजारच्याच दरीतल्या माउंटन ॲश गावात जन्मलेले. ७६ दिवस सुनावणी चालली, १३६ साक्षीदार झाले. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. दोष कोल बोर्डाचा आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कुणी जाणूनबुजून दुष्टपणा केला नव्हता, पण अज्ञान, नाकर्तेपणा आणि एकमेकांना माहिती न देणं यातून हे घडलं, असा निष्कर्ष होता. नऊ जणांवर नावानिशी ठपका ठेवला होता.

एकावरही खटला चालला नाही. एकाचीही नोकरी गेली नाही. रोबेन्स यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. पुढं याच रोबेन्स यांना कामाच्या ठिकाणची सुरक्षा या विषयावरच्या सरकारी समितीचं अध्यक्ष केलं. ब्रिटनचा १९७४चा कामगार सुरक्षा कायदा त्या समितीच्या शिफारशींवर उभा आहे.

पैशांचा हिशोब

कोल बोर्डानं प्रत्येक मुलामागं भरपाई दिली ५०० पौंड.

दुसरीकडं जगभरातून लोकांनी ॲबरव्हॅनसाठी पैसे पाठवले. जवळपास ९० हजार देणग्या आल्या आणि निधी साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास गेला. पण तो वापरतानाही गावाचा अपमान झाला. धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या आयोगानं सुचवलं की पालकांना रक्कम देण्याआधी त्यांचं आपल्या मुलावर खरंच प्रेम होतं का, हे प्रत्येक प्रकरणात तपासावं. अखेर निधीच्या विश्वस्तांनी मूल गमावलेल्या प्रत्येक कुटुंबाला ५,००० पौंड दिले.

सगळ्यात मोठा वाद ढिगाऱ्यांचा झाला. डोंगरावर बाकीचे ढिगारे अजून तसेच होते. सरकारचं म्हणणं, ते सुरक्षित आहेत, हटवायची गरज नाही. ज्यांनी आधीची आश्वासनं ऐकली होती, ते लोक यावर विश्वास कसा ठेवणार? गावकरी कार्डिफमधल्या सरकारी कार्यालयात गेले आणि खाणीचा काळा गाळ त्यांनी तिथंच ओतला.

ढिगारे हटवायचं ठरलं. पण सगळा खर्च करायला कोल बोर्डही तयार नाही आणि सरकारही तयार नाही. १९६८ मध्ये मदतनिधीतून १ लाख ५० हजार पौंड या कामासाठी घ्यायचं ठरलं. म्हणजे मेलेल्या मुलांच्या नावानं लोकांनी दिलेला पैसा दोषी ठरलेल्या बोर्डाचा कचरा उचलायला वापरला गेला.

हे पैसे परत मिळायला २९ वर्षं लागली. १९९७ मध्ये नव्या सरकारनं १ लाख ५० हजार पौंड परत केले, व्याजाशिवाय. त्यामुळे हिशोब खऱ्या अर्थानं मिटला नाही. २००७ मध्ये वेल्स सरकारनं ॲबरव्हॅनच्या स्मारकासाठी १५ लाख आणि शिक्षणविषयक न्यासासाठी ५ लाख पौंड दिले, तेव्हा कुठं ती बाजू भरून निघाली.

जे वाचले त्यांचं काय?

पैशानं भरून न निघणाऱ्या गोष्टी वेगळ्याच होत्या. दुर्घटनेतून वाचलेल्या ४१ जणांचा ३३ वर्षांनी अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ४६ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार, झाला होता. २९ टक्के लोकांना तो तेव्हाही होता.

त्या काळात समुपदेशन वगैरे फारसं नव्हतं. लोकांनी आपापल्या परीनं आधार शोधला. तरुण विवाहित बायकांनी मंडळ सुरू केलं, दर आठवड्याला भेटायचं म्हणून. पुरुषांनी यनिसोवेन नावाचं गायकवृंद उभं केलं. दोन्ही गोष्टी पुढं कित्येक दशकं चालू राहिल्या.

या दुर्घटनेनं काय बदललं?

१९६९ मध्ये ब्रिटनमध्ये खाणींच्या ढिगाऱ्यांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र कायदा आला. पण तो मुख्यतः चालू खाणींचा विचार करून केला होता. पुढं वेल्समधल्या खाणी बंद पडल्या, मर्थर व्हेलची खाणही १९८९ मध्ये बंद झाली. ढिगारे मात्र राहिले. वेल्समध्ये आजही असे अडीच हजारांच्या आसपास ढिगारे आहेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळाच्या पावसात टायलर्सटाउन इथला जुना ढिगारा घसरून दरीत आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्ट वादळात कुमटिलेरी गावात काळा चिखल घरांपर्यंत पोहोचला. दोन्ही वेळा कुणाचा जीव गेला नाही. हवामानबदलामुळे असा पाऊस वाढणार, हे लक्षात घेऊन वेल्सच्या संसदेनं २०२५ मध्ये बंद खाणींच्या ढिगाऱ्यांसाठी नवा कायदा केला. या ढिगाऱ्यांवर लक्ष ठेवायला आता स्वतंत्र प्राधिकरण असणार आहे.

ॲबरव्हॅनमध्ये शाळेच्या जागी आज बाग आहे. वर उतारावरच्या दफनभूमीत मुलांच्या थडग्यांवर पांढऱ्या कमानींची रांग आहे, ती दरीतून लांबूनही दिसते. त्यामागचा डोंगर आता हिरवा आहे. तिथले ढिगारे हटले, कारण सरकार 'सुरक्षित आहेत' म्हणत असतानाही गावानं ते मान्य केलं नाही.