धूळपाटीवरची वजाबाकी

उर्दूच्या वर्गात ‘तफरीक’, मराठीच्या वर्गात ‘वजाबाकी’. गंमत म्हणजे वजा आणि बाकी हे दोन्ही शब्दही अरबीतूनच आपल्याकडे आले.

हिंदी अंक बगदादला पोचले तेव्हा त्या अंकांचा हिशोब ‘तख्ता’वर, म्हणजे आपल्या धूळपाटीवरच, चाले. सुमारे 1000 साली कुश्यार इब्न लब्बानने दिलेलं उदाहरण बघा : 5625 वजा 839. सुरुवात डावीकडून. 6 मधून 8 जात नाहीत, म्हणून 56 मधून काढायचे. 56 पुसून 48. पाटीवर आता 4825. मग 82 मधून 3 गेले, 79. शेवटी 95 मधून 9 गेले, 86. उत्तर 4786. हातच्याचं नावही नाही! वरच्या घरातून काय गेलं ते मुलाला समोर दिसतं. काड्यांचा गठ्ठा सोडून मी दाखवते तेही हेच.

पण पुसलेलं पुन्हा तपासायचं कसं? कुश्यारच्या आधीच, 952च्या सुमारास, दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसीने हे हिशोब शाईने कागदावर, न पुसता करायच्या रीती लिहून ठेवल्या होत्या. मुलांच्या वहीत खोडरबरची भोकं दिसली की मला हा माणूस आठवतो. उत्तर चुकलेलं असतं आणि कुठल्या पायरीला चुकलं, ते रबराने नेलेलं असतं. म्हणून वजाबाकीच्या तासाला माझ्या वर्गात खोडरबर दप्तरातच राहतो.