मेहेरचे दार

पूर्व तुर्कस्तानात वान नावाचे एक मोठे खारे सरोवर आहे. त्याच्या पूर्वेस, वान शहरानजीकच्या कड्यात एक दार कोरलेले आहे. दार म्हणायचे खरे, पण ते उघडत नाही. एकात एक बसवल्यासारख्या चौकटी, त्यांच्या आत तासून गुळगुळीत केलेला कातळ आणि त्यावर बाणाच्या टोकांसारखी अक्षरे. वानचे आर्मेनियन लोक याला मेहेरचे दार म्हणत.

मेहेर हा सासूनच्या वीरांच्या महाकथेतला शेवटचा पुरुष. बाप दावीद आणि हा, दोघे एकमेकांना न ओळखता लढले, आणि बापाने त्याला शाप दिला, 'तुला मरण न येवो, तुला मूल न होवो.' आपल्याला अश्वत्थामा आठवल्याशिवाय राहत नाही. पण अश्वत्थाम्याने पाप केले होते. मेहेरचे पाप एवढेच, की त्याने बापाला ओळखले नाही. पुढे त्याच्या घोड्याचे खूर भूमीत रुतू लागले. जमीन त्याचा भार सोसेना. आईबापांच्या थडग्यांतून सल्ला आला, आणि कातळ उघडून मेहेर घोड्यासह आत गेला. गव्हाचा दाणा रानगुलाबाच्या फळाएवढा होईल तेव्हा तो बाहेर येईल. वर्षातून एखाद्या रात्री दार किलकिले होते, असेही सांगत. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका पोराने मला विचारले, 'गुरुजी, आत घोडा खातो काय?' मला अजून उत्तर सुचलेले नाही.

हे सारे लिहून ठेवायला फार उशीर झाला. गारेगिन स्रवांझत्यांत्स या पाद्र्याने 1873 साली मुशच्या मैदानातल्या क्र्पो नावाच्या कथेकऱ्याच्या तोंडून ही कथा उतरवून घेतली आणि 1874 साली कॉन्स्टँटिनोपलला छापली. तोवर शतकानुशतके ती तोंडोतोंडीच चालत आली होती.

आणि कड्यावरची अक्षरे? फ्रीडरिख शुल्ट्स हा जर्मन पंडित 1827 साली वानला आला, तिथल्या शिलालेखांच्या नकला केल्या, आणि 1829 साली त्याच मुलखात मारला गेला. त्याच्या नकला 1840 मध्ये पॅरिसला छापल्या, पण त्यांचा उलगडा व्हायला 1882 साली सेस हा इंग्रज विद्वान यावा लागला. मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर. ती लिपी मला कुठून येणार? पण जाणत्यांनी वाचले ते असे. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकाच्या अखेरीस उरार्तूचा राजा इश्पुइनी आणि त्याचा मुलगा मेनुआ यांनी हे दार आपल्या देवांसाठी कोरवले. कोणत्या देवाला किती बळी द्यायचे, याची ती यादी. पहिला मान हाल्दीचा: सतरा बैल, चौतीस मेंढ्या. मग वादळाचा देव, मग सूर्य, आणि त्यांच्यामागून बाकीची मंडळी. गावच्या जत्रेचा मानपानच म्हणा ना!

मला नवल वाटते ते पुढचे. उरार्तूचे राज्य बुडाले, भाषा मेली, हाल्दीचे नाव कोणाच्या ओठी उरले नाही. तरी लोक कातळाला दारच म्हणत राहिले, आणि आत कोणीतरी आहे असे मानत राहिले. अक्षर वाचता येत नसून मूळ अर्थ बव्हंशी टिकवला! जागा रिकामी झाली तिथे मेहेर येऊन बसला. आणि मेहेर म्हणजे प्राचीन इराणचा मिथ्र, जो आर्मेनियातही मिह्र या नावाने पूजला जाई. वेदांतला मित्र त्याचाच भाऊबंद. सूर्यनमस्काराच्या बारा नावांतले पहिले नाव त्याचेच. रोमन लोक तर सांगत, की मिथ्र खडकातून जन्मला. इथे तो खडकात शिरला.

1915 साली वानच्या आर्मेनियनांवर कत्तल कोसळली. वसंतात ते शहर राखून लढले. रशियन फौजा आल्या. पण जुलैत त्या मागे फिरताच उरलेली माणसे येरेवानच्या वाटेला लागली. वाटेत कितीक गेली. जी पोचली, त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांकडून संशोधक पुढे कित्येक वर्षे मेहेरची कथा उतरवून घेत राहिले. सांगणारा हाताने दाखवी, कडा एवढा उंच, चौकट अशी. आणि ऐकणाऱ्या पोरांनी तो कडा कधी पाहिलेला नव्हता.