जोशी मास्तरांचा मुलगा

गाण्यातले मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. सकाळी मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणे एवढाच माझा संगीताशी संबंध. अशा माणसाने दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे संगीताचा इतिहास वाढावा, हा थोडा आगाऊपणाच. पण या इतिहासात एक मास्तर आहेत, आणि त्यांच्याकडून मी एक धडा घेतला आहे. तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

मिरजेजवळच्या एका शाळेत असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाकावर बोटांनी ठेका धरायचा. फळ्याकडे पाहता पाहता कुठल्या कुठे जायचा. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात गाणे ऐकत तो रात्रभर बसला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला चक्क झोपला. मी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि म्हणालो, "गाण्याने पोट भरते का रे?" वर्ग हसला. तो हसला नाही. शाळा सुटल्यावर मागे थांबून एवढेच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही एकदा ऐका तरी."

त्याचा चुलता मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे करी. एका रविवारी तक्रार सांगायला म्हणून मी तिथे गेलो. वाळलेल्या भोपळ्यांच्या राशीत बसून ते गृहस्थ तारा चढवीत होते. माझे बोलणे त्यांनी निमूट ऐकून घेतले, "चहा येईस्तोवर बसा, गुरुजी," म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या जुन्या ग्रामोफोनवर एक तबकडी लावली. अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतली ठुमरी.

आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक बारीक, टोकदार आवाज वर आला. त्यात जोर नव्हता, गर्जना नव्हती; कोणी काळोखात आपल्याशीच बोलावे तसा तो होता. माझी आई गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. घरातला थोरला मी. करायची कामे पुष्कळ होती. त्या तीन-साडेतीन मिनिटांत मात्र समोरचा चहा निवत गेला आणि मला कप उचलता येईना. तंबोरेवाल्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. उठून तबकडी तेवढी उलटी केली. तक्रार तिथेच राहिली.

मग मी वाचू लागलो. ऐकता येत नाही त्याने वाचावे, ही आमची मास्तरी खोड.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. किराणा घराणे म्हणतात ते या गावावरून. बडोद्याच्या दरबारात त्यांनी काही काळ गायन केले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. 1922 मध्ये त्यांच्या पत्नी ताराबाई माने मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेली नावे म्हणजे त्याच घरची भावंडे. खाँसाहेब मिरजेत राहिले. त्या आवाजातली ती हुरहूर कुठली, हे मी कोण सांगणार? पण घर मोडलेल्या माणसाचे हे गाणे आहे, हे कळल्यावर तबकडी पुन्हा ऐकताना मी पहिल्यासारखा बसू शकलो नाही.

आणि त्या तबकडीचाही इतिहास आहेच. एके काळी असे गाणे ऐकायचे तर संस्थानिकाचा दरबार हवा, नाहीतर सावकाराचा वाडा. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजानचे गाणे ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले, आणि पुढे गाणे दरबाराच्या पायऱ्या उतरून बाजारात आले. तासभर फुलणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत आवरायचा, म्हणजे समुद्र तांब्यात भरायचा! पण तांब्यातले पाणीही तहानलेल्याला पुरते.

गदग गावात असाच एक तहानलेला मुलगा होता. त्याचे वडील गुरुराज जोशी शाळेत शिक्षक. रस्त्याने भजनी दिंडी गेली, बँड गेला, की मुलगा त्यामागे निघे आणि दमला की वाटेतच कुठेतरी झोपी जाई. शोधून शोधून वडील थकले. शेवटी म्हणे त्यांनी मुलाच्या सदऱ्यावरच लिहून ठेवले : जोशी मास्तरांचा मुलगा. सापडेल तो आणून पोचवी.

या मुलाने खाँसाहेबांची तीच झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली, आणि 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, तो गुरू शोधायला घरातून पळाला. निमित्त भातावरच्या तुपाचे झाले असे सांगतात. पण तुपासाठी कोणी ग्वाल्हेर गाठीत नाही. तिकिटाला पैसे नाहीत, ओळख नाही. विजापूर, ग्वाल्हेर करीत तो पार जालंधरला पोचला. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितले, तुझा गुरू तुझ्याच मुलखात आहे, परत जा. वडील जालंधरला जाऊन त्याला घेऊन आले. 1936 मध्ये कुंदगोळच्या रामभाऊंनी, म्हणजे सवाई गंधर्वांनी, त्याला शिष्य केले. हे रामभाऊ कोणाचे शिष्य? अब्दुल करीम खाँसाहेबांचे! ज्या आवाजासाठी पोराने अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, त्याची वाट घरापासून दिवसभराच्या रस्त्यावर होती.

दुसऱ्याच वर्षी, 27 ऑक्टोबर 1937 रोजी, दिवाळी आठवड्यावर आली असता, मद्रासकडच्या सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनात खाँसाहेब वारले. त्यांना मिरजेस आणून दफन केले. जोशी मास्तरांच्या मुलाने मात्र तो सूर खाली पडू दिला नाही. 1953 मध्ये पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, त्यामागे हाच शिष्य होता. 2008 मध्ये त्यांना, भीमसेन जोशींना, भारतरत्न जाहीर झाले. 2011 च्या जानेवारीत ते गेले.

वाचकहो, मला त्या सदऱ्यावरच्या अक्षरांचे राहून राहून नवल वाटते. मुलगा वारंवार हरवतो म्हटल्यावर मी काय केले असते? कोंडले असते, निदान वर्गासमोर उभे केले असते. आपला धाक चालत नाही, एवढे त्या मास्तरांना उमगले, आणि मुलगा हरवला तरी घरी परत यावा एवढी सोय त्यांनी करून ठेवली. आम्ही मास्तर मंडळी वह्यांवर इतके लाल शेरे लिहितो. पण त्यांतला एक तरी इतका मायेचा असतो का?

माझ्या त्या विद्यार्थ्याची मी पुढे वर्गासमोरच माफी मागितली. तो आज चुलत्याच्या दुकानात तंबोरे जुळवतो. उरुसाच्या रात्री आम्ही दर्ग्याच्या आवारात शेजारी शेजारी बसतो. मी हळूच विचारतो, "हा कोणता रे?" तो कानाशी रागाचे नाव सांगतो. पुढच्या वर्षापर्यंत मी ते विसरतो, आणि पुन्हा विचारतो. तो एकदाही हसलेला नाही.