कामावर निघालेल्या बाईचे कपडे: हा पुरावा वाचायचा कसा?

विषय निवडताना कोणी ‘नोकरदार बायकांचा पोशाख’ असं म्हटलं की वर्गात हसू फुटतं. इतिहास म्हणजे लढाया, तह, सनावळ्या. त्यात साडी कुठून आली? पण मुलाखतीला किंवा फील्डवर्कला निघालेल्या कोणत्याही मुलीला विचारून बघा. ‘काय घालू?’ यात तिचा जेवढा वेळ जातो, तेवढा तिच्यासोबतच्या मुलाचा जात नाही. हा फरक आला कुठून, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

या पोस्टमध्ये मला एकच मुद्दा मांडायचा आहे. कामावर जाणाऱ्या बाईच्या कपड्यांना कायम दोन परीक्षक राहिले आहेत: एक कामाच्या जागेवरचा आणि दुसरा घरचा, गावचा, जातीचा. दोघांना एकाच वेळी पटेल असं काहीतरी तिला अंगावर घालावं लागलं. त्यामुळे तिचे कपडे म्हणजे एक तडजोड असते, आणि ती नीट वाचली तर त्या काळाबद्दल बरंच काही सांगते.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून

पिंपळगाव राजात बसून हा विषय करायचा, तर पहिलं पुस्तक शोधायला लांब जायला नको. ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील तिथे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत होते. 1882 साली पुण्यात छापलेलं हे छोटं पुस्तक नंतर विस्मरणात गेलं. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं.

पुस्तकाचा रोख पुरुषांच्या दुटप्पीपणावर आहे. त्यांनी साहेबी राहणी उचलली तरी चालतं, धर्म सांभाळायचा तो मात्र बायकांनी, हा त्यातला टोला आपल्या विषयासाठी फार मोलाचा आहे. पोशाख बदलला की पुरुष ‘सुधारलेला’ ठरतो आणि बाई ‘बिघडलेली’. पुढचं सगळं वाचताना हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आनंदीबाईंची साडी

ताराबाईंचं पुस्तक आल्यानंतर काही महिन्यांतच, 24 फेब्रुवारी 1883 रोजी, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजात आनंदीबाई जोशींनी भाषण केलं. वय अठराही पूर्ण नव्हतं. अमेरिकेला डॉक्टर व्हायला का जायचं, एकटीनं का जायचं, जातीबाहेर टाकलं तर काय, असे प्रश्न लोक विचारत होते. त्यांना उत्तर देताना आनंदीबाईंनी जाहीर सांगितलं की तिथे गेल्यावर आपण रीतिरिवाज, जेवण आणि पोशाख बदलणार नाही. बघा, वैद्यकीचं शिक्षण मागताना कपड्यांची हमी द्यावी लागतेय.

फिलाडेल्फियात गेल्यावर दुसरा परीक्षक समोर आला. कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. महाराष्ट्रात हा घरंदाज बाईचा वेश. तिकडच्या समाजात मात्र बाईचे पाय दिसणं असभ्य. शिवाय हाडं गोठवणारी थंडी. यातून वाट म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. साडी तीच राहिली, नेसण बदललं. घरचा शब्द पाळला आणि तिथली मर्यादाही सांभाळली. दोन्ही परीक्षकांना दिलेलं हे एकच उत्तर आहे.

आता त्यांचा तो प्रसिद्ध फोटो आठवा. 10 ऑक्टोबर 1885, कॉलेजच्या डीनकडचा स्वागतसमारंभ. आनंदीबाईंसोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. संशोधकानं इथे सावध राहायला हवं. हा समारंभाचा फोटो आहे. शवविच्छेदनाच्या वर्गात त्या काय नेसायच्या, हे त्यावरून ठरत नाही. फोटो कुणी काढवला, कशासाठी, तो बघणार कोण, हे तीन प्रश्न आधी विचारा, मग काठपदराकडे वळा.

आणखी एक. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आहे. वाचा, जरूर वाचा; पण प्रबंधात पुरावा म्हणून लावू नका. पुराव्यासाठी आनंदीबाईंची पत्रं, कॅरोलाइन डॉल यांनी 1888 साली इंग्रजीत लिहिलेलं चरित्र आणि काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलेलं चरित्र, असं सगळं शेजारी ठेवून वाचा.

आजचे नियमही साधनच

आता थेट आपल्या काळात येऊ. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागानं 8 डिसेंबर 2020 रोजी कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबाबत परिपत्रक काढलं. मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठीही सूचना आल्या. पुरुषांना शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. स्त्रियांना साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा.

हे कागद मिळवा आणि 1883 च्या भाषणाशेजारी ठेवून वाचा. दुपट्ट्याच्या जोडीचा कपडा पुरुषांच्या यादीत आहे का? नाही. नीटनेटकेपणा दोघांकडून अपेक्षित, पण अंग झाकण्याची जबाबदारी एकीवरच. शिवाय एक लक्षात ठेवा: नियम लिहिला जातो तेव्हा बहुतेक वेळा तो कुणीतरी मोडत असतं.

गावात काय करता येईल?

रोजचे कपडे कुणी लिहून ठेवत नाही. त्यांची नोंद होते ती वाद झाला तेव्हा. म्हणून तोंडी इतिहास घेताना वादाच्या वाटेनं जा. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. त्यांच्या शाळांत शिकवलेल्या, आता निवृत्त झालेल्या बाई प्रत्येक मोठ्या गावात भेटतील. नर्सबाई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. त्यांना ‘तुम्ही काय घालायचा?’ असं विचारलंत तर ‘साडीच की’ एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: नऊवारीची गोल साडी झाली तेव्हा घरात कोण बोललं? पंजाबी ड्रेस घालून शाळेत जाणारी पहिली बाई कोण, आणि तेव्हा काय झालं? सायकलवर बसताना पदराचं काय करायचा? उत्तरं ऐकताना प्रत्येक वेळी बघा की हरकत घेणारा कामावरचा होता की घरचा.

सोबत शाळेचे जुने ग्रुप फोटो मागा. फोटोवर वर्ष नसेल तर मागच्या फळ्यावर, पाटीवर ते शोधा. बोलणं रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या, आणि नाव छापायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. यातल्या काही गोष्टी त्यांनी आजवर घरातही सांगितलेल्या नसतील.

मार्गदर्शक ‘विषय हलका आहे’ म्हणाले, तर श्रीरामपूरचं भाषण आणि शिक्षकांचा पोशाखनियम, दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवा. मधली सुमारे 140 वर्षं हाच तुमचा प्रबंध.