ऑपेरा हाऊस, ज्यात मोठा ऑपेरा मावत नाही

सरकारी प्रकल्पाचा खर्च फुगला की कुणीतरी सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा दाखला देतोच. अंदाज 70 लाख डॉलरचा, बिल झालं 10 कोटी 20 लाखांचं. 1963 ला पूर्ण व्हायचं ते 1973 ला झालं. आकडे खरे आहेत. पण खरी गंमत (म्हणजे शोकांतिका) त्या आकड्यांच्या आत आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

1957 साली 233 आराखड्यांमधून योर्न उत्झन या 38 वर्षांच्या डॅनिश वास्तुविशारदाची निवड झाली. त्याने पाठवलेली होती मोजकी रेखाटनं. ती शिडांसारखी छपरं उभी कशी राहणार, याचं गणित कुणाकडेच नव्हतं, त्याच्याकडेही नाही. पण न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री जो केहिल यांना घाई होती. निवडणुकीत सत्ता गेली तर पुढचं सरकार प्रकल्प गुंडाळेल ही भीती. म्हणून नकाशे अपुरे असतानाच मार्च 1959 ला काम सुरू केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात केहिल वारले. राजकीय गणित त्यांचं बरोबर होतं म्हणा, काम सुरू झालं नसतं तर इमारत झालीच नसती. पण किंमत मोजावी लागली. छपराचं वजन नक्की झालं तेव्हा कळलं की चौथऱ्याचे काही खांब ते पेलणार नाहीत. पाडा, पुन्हा बांधा.

छपराचं कोडं 1961 ला सुटलं. सगळी शिडं एकाच गोलाचे काप समजायची, त्रिज्या सुमारे 75 मीटर. मग एकाच साच्यातले काँक्रीटचे तुकडे सगळीकडे चालतात. इतकं साधं!

1965 ला सत्ताबदल झाला. नवे बांधकाम मंत्री डेव्हिस ह्यूज 'उधळपट्टी रोखणार' म्हणून आले. त्यांनी उत्झनचे पैसे अडवले, प्रत्येक नकाशावर हरकत घेतली. फेब्रुवारी 1966 मध्ये उत्झनने राजीनामा दिला. त्याला परत आणा म्हणून सुमारे हजार लोकांनी मोर्चा काढला, उपयोग झाला नाही. तो देश सोडून गेला तो कायमचा. आपली पूर्ण झालेली इमारत त्याने कधीच पाहिली नाही. आणि हे लक्षात घ्या, तो गेला तेव्हा अंतिम खर्चाच्या एक चतुर्थांशही खर्च झालेला नव्हता. बाकीचा सगळा, काटकसरीच्या नावाने त्याला घालवल्यानंतरचा.

आता आतली गोष्ट. मूळ योजनेत मोठं सभागृह दुहेरी होतं, ऑपेराही तिथेच आणि वाद्यवृंदही तिथेच. हे अवघडच. वाद्यवृंदाला स्वर दोनेक सेकंद घुमत राहिला तर गोडवा येतो. ऑपेरात तेवढा घुमला तर गाण्यातले शब्द कालवले जातात. शिवाय वाद्यवृंद चालवणाऱ्या नभोवाणी महामंडळाला 2800 खुर्च्या हव्या होत्या. उत्झननंतर काम पीटर हॉलकडे आलं आणि निर्णय झाला की मोठं सभागृह फक्त मैफलींसाठी. ऑपेरासाठी तिथे बसवलेली रंगमंचाची यंत्रणा उखडून काढली. ऑपेराची रवानगी शेजारच्या छोट्या सभागृहात!

हॉलवर सगळा राग काढणं मला पटत नाही. दुसऱ्याचं अर्धवट काम, वरून मंत्र्यांचा दट्ट्या, आणि मागण्या मध्येच बदललेल्या. पण परिणाम व्हायचा तो झालाच. मैफलींच्या सभागृहाचं छत 25 मीटर उंच. आवाज वर जायचा आणि परतायचाच नाही, वादकांनाच एकमेकांचं नीट ऐकू येईना. उपाय म्हणून रंगमंचावर पारदर्शक प्लास्टिकची कडी टांगली होती. ती जवळजवळ 50 वर्षं लटकत राहिली.

पैशांचं म्हणाल तर ते बहुतांशी लॉटरीतून आले आणि कर्ज 1975 मध्ये फिटलंसुद्धा. खर्चाचा बोभाटा झाला, तो तिथे दोन वर्षांत संपला. ध्वनीचा दोष मात्र 2020 ला सभागृह बंद करून, 15 कोटी डॉलर घालून दुरुस्त करावा लागला. जुलै 2022 ला ते उघडलं, कड्यांच्या जागी आता गुलाबी पाकळ्यांसारखे ध्वनिपरावर्तक आहेत. ऑपेरा अजून छोट्याच सभागृहात चालतो. वादक बसतात तो खड्डा इतका अरुंद आहे की मोठ्या कलाकृतींचा पूर्ण वाद्यवृंद तिथे मावत नाही.