राजी: ॲन एन्शंट एपिक

राजी: ॲन एन्शंट एपिक हा पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला साहस व लढाई या प्रकारातील व्हिडिओ गेम आहे. सुपर डॉट कॉम या प्रकाशकाने तो १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर प्रकाशित केला. प्राचीन भारताच्या कल्पित पार्श्वभूमीवर घडणाऱ्या या गेममध्ये असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणाऱ्या राजी नावाच्या मुलीची कथा आहे. या गेमचा काही भाग प्रकाशनाच्या सुमारे तीन वर्षे आधीच लोकांसमोर आला होता. त्यामुळे चाहत्यांच्या अपेक्षा आणि त्या अपेक्षांची कसोटी पाहणारी लढाईची रचना हे दोन विषय या गेमच्या चर्चेत नेहमी एकत्र येतात.

कथानक

पूर्वी देव व असुर यांच्यात झालेल्या युद्धाचा सूड घेण्यासाठी असुर मानवी जगावर चालून येतात. रक्षाबंधनाच्या उत्सवात गोलू या लहान मुलासह अनेक मुलांना ते पळवून नेतात. गोलूची थोरली बहीण राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ मुलगी आहे. दुर्गा व विष्णू हे तिच्या प्रवासाचे साक्षी असून कथेचे निवेदनही तेच करतात. असुरांचा अधिपती महाबलासुर हा कथेतील मुख्य प्रतिपक्षी आहे.

राजी ही राजकन्या नाही आणि प्रशिक्षित योद्धाही नाही. अंगातील चपळाई आणि भावाची ओढ एवढेच तिचे भांडवल आहे. नायिकेची ही निवड लढाईच्या रचनेवरही परिणाम करते. दांडग्या असुराशी बळाने झुंजणे तिच्या स्वभावाशी विसंगत ठरले असते, म्हणून तिच्या लढण्यात कसरतींना महत्त्वाचे स्थान देण्यात आले आहे.

लढाईची रचना

राजीच्या शस्त्रांची नावे पुराणपरंपरेतून घेतली आहेत. आरंभी तिला दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो. पुढे विष्णूचे शार्ङ्ग हे धनुष्य, नंदक ही तलवार व ढाल आणि सुदर्शन चक्र ही आयुधे येतात. देवीमाहात्म्यातील कथेनुसार दुर्गेचा त्रिशूळ हा शिवाने आपल्या शूलातून तिला दिलेला आहे. देवतेने आपले आयुध दुसऱ्याच्या हाती सोपवणे ही कल्पना परंपरेत आधीपासूनच आहे. गेममध्ये तीच कल्पना खेळाडूची शक्ती टप्प्याटप्प्याने वाढवण्यासाठी वापरली आहे.

प्रत्येक शस्त्राचे अंतर व वेग निराळे आहेत. त्रिशूळाने मध्यम अंतरावरील शत्रूंना रोखता येते, धनुष्याने दुरून मारा करता येतो, तर तलवार व ढाल जवळच्या झुंजीसाठी उपयोगी पडतात. हलका वार, जड वार आणि उडी मारून चकवा देणे या मूळ हालचाली आहेत. यांखेरीज राजी भिंतीवर धावत जाऊन तेथून शत्रूवर झेप घेऊ शकते, तसेच खांबाला धरून गरगर फिरत सभोवतालच्या शत्रूंवर वार करू शकते. खांबावरची ही हालचाल पाहताना मराठी वाचकास मल्लखांबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. या योजनेमुळे रणांगणातील खांब व भिंती केवळ शोभेपुरत्या राहत नाहीत, तर शस्त्रांइतक्याच उपयोगी ठरतात.

शस्त्रांना वीज, अग्नी व हिम यांच्या शक्तींची जोड देता येते. त्यासाठी प्रवासात मिळणारे तेजोगोल खर्च करावे लागतात. एका शक्तीत गुंतवलेले गोल काढून दुसरीकडे लावण्याची मुभा आहे. चुकीच्या निवडीची शिक्षा खेळाडूला शेवटपर्यंत भोगावी लागू नये, हा त्यामागचा लाभ होय.

या सोयीमुळे राजीमध्ये भूमिकाप्रधान गेमचा एक अंश आला आहे. भूमिकाप्रधान गेममध्ये खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे गुण व कौशल्ये स्वतःच्या पसंतीने वाढवतो आणि बहुधा कथेची दिशाही ठरवतो. राजीमध्ये कथा ठरलेल्या मार्गाने जाते व पात्राची वाढ मर्यादित आहे. त्यामुळे हा गेम पूर्ण अर्थाने भूमिकाप्रधान मानला जात नाही.

दृष्टिकोनाचा प्रश्न

राजीमध्ये कॅमेरा खेळाडूच्या हाती नसतो. दृश्य बहुतेक वेळा काहीशा उंचीवरून व दुरून दिसते. त्यामुळे मंदिरे, किल्ले व भित्तिचित्रे यांची भव्यता नजरेत भरते आणि प्रत्येक चौकट चित्रासारखी मांडता येते. परंतु लढाईत याच योजनेची किंमत मोजावी लागते. दुरून पाहताना शत्रू नेमका किती अंतरावर आहे, वार पोहोचेल की हुकेल, हे ओळखणे अवघड जाते.

लढाईच्या रचनेत खेळाडूला तीन गोष्टी स्पष्ट कळाव्या लागतात: शत्रू वार करणार असल्याची पूर्वसूचना, वार लागल्याची खूण आणि आपल्या हालचालीला लागणारा वेळ. पूर्वसूचना अपुरी असेल तर पराभव अन्यायाचा वाटतो. वार लागल्याची खूण क्षीण असेल तर शस्त्र हलके व पोकळ वाटते. एक हालचाल संपण्यापूर्वी दुसरी सुरू करता आली नाही, तर बटण दाबूनही पात्र ऐकत नाही अशी भावना होते. या गोष्टी चित्रफितीत फारशा जाणवत नाहीत. प्रत्यक्ष खेळतानाच कळतात. म्हणून झलक पाहून बांधलेली अपेक्षा आणि हातात आलेला अनुभव यांत सर्वाधिक अंतर लढाईच्या बाबतीत पडते.

निर्मिती

नॉडिंग हेड्स गेम्स ही संस्था श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंग यांनी पुण्यात स्थापन केली. गेमसाठी अनरियल इंजिन ४ हे साधन वापरण्यात आले. दृश्यांच्या रंगसंगतीवर पहाडी चित्रशैलीचा, तर वास्तूंवर राजस्थानातील किल्ले व महाल यांचा प्रभाव आहे. कथेतील मधले प्रसंग बाली बेटावरील छायाबाहुल्यांच्या धर्तीवर दाखवले आहेत. छायाबाहुल्यांची परंपरा महाराष्ट्रातही असून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ती जपली आहे. गेमचे संगीत ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे आहे.

इ.स. २०१७ मध्ये संस्थेने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या माध्यमातून निधी उभारण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी गेमचा प्रत्यक्ष खेळून पाहता येईल असा नमुनाही लोकांना उपलब्ध करून देण्यात आला. किकस्टार्टरच्या नियमानुसार ठरवलेली पूर्ण रक्कम जमली नाही तर निर्मात्याला काहीच मिळत नाही. राजीची मोहीम उद्दिष्टापर्यंत पोहोचली नाही. पुढे एपिक गेम्स या कंपनीचे अनुदान आणि प्रकाशकाचे साहाय्य मिळाल्याने काम पूर्ण होऊ शकले.

अपेक्षांचे व्यवस्थापन

किकस्टार्टरच्या मोहिमेतून पैसा मिळाला नाही, परंतु प्रसिद्धी मिळाली. नमुना पाहिलेल्या लोकांच्या मनात पूर्ण गेमचे एक चित्र तयार झाले. छोट्या संस्थेपुढे अशा वेळी दुहेरी अडचण असते. काही दाखवले नाही तर निधी व प्रकाशक मिळत नाहीत. जे दाखवावे लागते ते सर्वांत घोटीव असते आणि प्रेक्षक त्यावरूनच संपूर्ण गेमचे माप काढतात. काही मिनिटांच्या भागावर जितके श्रम घेता येतात तितके अनेक तासांच्या गेमच्या प्रत्येक भागावर घेणे लहान चमूला शक्य नसते.

राजीच्या बाबतीत अपेक्षांना आणखी एक पदर होता. भारतीय पुराणकथा उच्च दर्जाच्या गेममध्ये मांडल्या जाव्यात अशी इच्छा येथील खेळाडूंमध्ये दीर्घकाळ होती. त्यामुळे राजीची तुलना प्रिन्स ऑफ पर्शिया व गॉड ऑफ वॉर यांसारख्या गेमशी होऊ लागली. या मालिकांमागे मोठ्या कंपन्यांचे मनुष्यबळ व अनेक भागांचा अनुभव होता, तर पुण्यातील संस्थेचा हा पहिलाच गेम होता.

स्विचवरील प्रकाशनाची वार्ता निन्टेन्डोच्या इंडी वर्ल्ड या कार्यक्रमात जाहीर झाली आणि त्याच दिवशी गेम विक्रीस आला. त्यामुळे त्या यंत्रापुरता घोषणा व विक्री यांमधला प्रतीक्षेचा काळ उरला नाही.

समीक्षकांचे मत

समीक्षकांनी गेमच्या चित्रणाची, संगीताची आणि पुराणकथांच्या मांडणीची प्रशंसा केली. लढाईविषयी मात्र मते विभागली गेली. शस्त्रांतील वैविध्य व कसरतींची जोड अनेकांना आवडली. हालचालींतील सैलपणा, वारांचा अपुरा नेमकेपणा आणि काही ठिकाणी अडथळा करणारा कॅमेरा यांवर टीका झाली. गेमची कमी लांबी व अचानक आल्यासारखा वाटणारा शेवट हेही आक्षेपाचे मुद्दे ठरले. द गेम अवॉर्ड्स २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या गेमसाठी राजीला नामांकन मिळाले. तो पुरस्कार फास्मोफोबिया या गेमला मिळाला.

सुधारित आवृत्ती

इ.स. २०२२ मध्ये गेमची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत हिंदी संवाद, नव्याने केलेले निवेदन, काठिण्यपातळीची निवड तसेच हालचाली व प्रकाशयोजना यांतील सुधारणा आहेत. निवेदन, काठिण्य व हालचाली या गोष्टींचा संबंध थेट खेळण्याच्या अनुभवाशी येतो. आधीच्या आवृत्तीत प्रशंसा मिळवणारी चित्रशैली व पुराणकथेचा गाभा यांना धक्का लावण्यात आला नाही.

समकालीन उदाहरणे

अपेक्षा व लढाई यांचा हा संबंध त्याच काळातील इतर गेममध्येही दिसतो. बंगळूरच्या एनकोअर गेम्सने सप्टेंबर २०२० मध्ये, पबजी मोबाइलवर भारतात बंदी आल्यानंतर दोनच दिवसांनी, फौजी या गेमची घोषणा केली. अनेकांनी तो पबजीचा पर्याय असेल असे गृहीत धरले. २६ जानेवारी २०२१ रोजी आलेल्या गेममध्ये गलवान खोऱ्यातील हातघाईची लढाई होती. बंदुकांचा अनेक खेळाडूंमधील सामना नव्हता. निराश झालेल्या खेळाडूंनी त्यास कमी गुण दिले. सामूहिक सामन्यांचा प्रकार नंतर जोडण्यात आला.

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा सायबरपंक २०७७ हा भूमिकाप्रधान गेम प्रचंड प्रसिद्धीनंतर १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्यातील दोषांमुळे सोनीने तो त्याच महिन्यात आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. तो जून २०२१ मध्ये परत उपलब्ध झाला आणि त्यानंतरही त्यात मोठ्या सुधारणा होत राहिल्या.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने वेगळा मार्ग निवडला. बाल्डर्स गेट ३ या भूमिकाप्रधान गेमचा आरंभीचा भाग ६ ऑक्टोबर २०२० पासून अपूर्ण स्थितीतच विक्रीस ठेवण्यात आला. या मालिकेतील आधीच्या दोन मुख्य गेमची लढाई चालू वेळेत होत असे व ती हवी तेव्हा थांबवता येई. नव्या गेममध्ये पाळीपाळीने चाल करण्याची पद्धत आली. हा बदल जुन्या चाहत्यांना आधीच प्रत्यक्ष खेळून पाहता आला आणि त्यांच्या प्रतिक्रियांचा उपयोग निर्मात्यांना झाला. पूर्ण गेम ३ ऑगस्ट २०२३ रोजी प्रकाशित झाला व त्याचे मोठे स्वागत झाले.

महत्त्व

राजीमुळे पुण्यातील एका लहान संस्थेचे नाव जागतिक स्तरावर पोहोचले आणि भारतीय पुराणकथा हा गेमसाठी समर्थ विषय आहे हे दिसून आले. पुण्यातीलच सुपरगेमिंग या संस्थेने पुढे इंडस बॅटल रोयाल हा भारतीय कल्पनाविश्वावर आधारलेला गेम १६ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रकाशित केला. गेमच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी राजीचे उदाहरण दोन्ही अंगांनी उपयुक्त आहे. विषय व चित्रण यांच्या बळावर गेमला प्रेक्षक मिळाला, पण खेळाडूंचे समाधान अखेर हातातील शस्त्र कसे चालते यावर अवलंबून राहिले.