पणजीचं नाव

आमच्या घरी वंशावळ तोंडपाठ असे. वडील सात पिढ्यांची नावं एका दमात म्हणत. मीही ती पाठ केली होती. एकदा माझ्या मुलीनं विचारलं, "अब्बा, यात एकही बाई कशी नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, निदान पणजीचं नाव तरी शोधू.

पणजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचे मुलाणी. जत्रेत बकरं हलाल करायचं, मशिदीत दिवा लावायचा आणि सुगीला खळ्यावरून बलुतं आणायचं. थोडी इनाम जमीनही होती. म्हणजे कागद असणारच. तलाठी कार्यालयापासून तहसील कचेरीपर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. त्या काळचे गावचे कागद मोडीत. मी मराठीत कविता लिहितो, पण माझ्याच भाषेची ही लिपी मला वाचता येईना. एका निवृत्त शिक्षक मित्रानं वाचून दिलं. फेरफारात पणजोबा होते, त्यांचे भाऊ होते, वारस म्हणून मुलगे होते. पणजी नव्हती. सारा ज्याच्याकडून घ्यायचा, त्याचं नाव सरकारनं नीट लिहून ठेवलं होतं.

मग जन्म-मृत्यूची नोंदवही पाहिली. गाव नमुना नंबर १४, म्हणजेच लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. १९१८ ची पानं उलटताना मित्राचा आवाज खाली आला. ते इन्फ्लुएंझाच्या साथीचं वर्ष. जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. देशात एक कोटीहून अधिक माणसं दगावली. एरवी आमच्या गावात महिन्याला दोन-तीन नोंदी. ऑक्टोबरची पानं मात्र गच्च भरलेली. त्यात एक ओळ होती : पणजोबांचं नाव, पुढे 'याची बायको', वय तीस, कारण ताप. बाई सापडली, नाव नाही.

उरलं काझींचं घर. निकाहात नवरीचं नाव घेऊन तिची कबुली विचारतात. त्यामुळे काझींच्या वहीत तिचं नाव असतंच. तालुक्याच्या गावी काझींच्या नातवानं जुन्या वह्या जपल्या होत्या. लिपी उर्दू, तीही मला येत नाही. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं : नवरा, नवरी, तिचे वडील, त्यांचं गाव, मेहर, वकील, दोन साक्षीदार. साल १९०५. पणजीचं माहेर आमच्या गावापासून चारच कोसांवर निघालं. आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत होतो, आपण फार लांबून आलो!

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं महाराष्ट्रात बंधनकारक झालं आहे. पुढच्या शोधणाऱ्यांचं काम त्यामुळे सोपं होईल. मागचं मात्र आपल्यालाच करायला हवं. घरात म्हातारं माणूस असेल तर कचेरीत जाण्याआधी त्याच्याजवळ बसा. आजीचं माहेर विचारा, पणजीचं नाव विचारा.

पणजी गेली तेव्हा माझे आजोबा दहा वर्षांचे होते. आईचं नाव त्यांना नक्की ठाऊक असणार. मी बारा वर्षांचा होईपर्यंत ते रोज संध्याकाळी आमच्या अंगणात बसलेले असत. त्यांना कुणी विचारलंच नाही.